परतीच्या रस्त्यालाही एक दिवस द्या

कोकणात सहकुटुंब जायचं ठरलं की जाण्याच्या रस्त्यावर घरात तासभर चर्चा होते. कुठल्या घाटातून उतरायचं, नाश्ता कुठे करायचा, वाटेत कुठलं देऊळ घ्यायचं, सगळं आधी ठरतं. परतीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ‘आलो तसेच जाऊ’ एवढ्यावर विषय संपतो. मग शेवटच्या दिवशी सामान कसंबसं कोंबून उन्हं चढल्यावर निघायचं, महामार्गावर ट्रकांच्या मागे रखडायचं, आणि रात्री घरी पोचेपर्यंत कुणालाच कुणाशी बोलायची इच्छा उरत नाही. चार दिवसांच्या सुट्टीतला एक पूर्ण दिवस असा वाया जातो, आणि घरी गेल्यावर आठवतो तोही तोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की परतीचा दिवस हा सहलीचाच दिवस धरावा आणि त्याला स्वतःचा वेगळा रस्ता द्यावा. तास-दीड तास जास्त लागला तरी चालेल. त्या बदल्यात जे बघायला मिळतं ते मुक्कामाच्या ठिकाणी बघितलेल्यापेक्षा कमी नसतं. पुष्कळदा सरसच असतं, कारण त्याची कुणी अपेक्षाच केलेली नसते.

कोकणातून देशावर येणाऱ्यांना तर हे फारच सोपं आहे. कुठूनही निघालात तरी सह्याद्री चढावाच लागतो, आणि घाट उतरण्यापेक्षा चढताना जास्त चांगला दिसतो. उतरताना चालवणाऱ्याचं सगळं लक्ष ब्रेकवर आणि पुढच्या वळणावर असतं. चढताना गाडी आपोआप हळू चालते आणि हाताशी राहते. शिवाय उजेडाची गोष्ट आहे. सह्याद्रीचे उभे कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी ते सावलीत असतात, दुपारनंतर त्यांच्यावर ऊन येतं. तुम्ही पूर्वेकडे जात असता, म्हणजे ते ऊन तुमच्या पाठीशी. डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि समोरचा डोंगर मात्र उजळून निघालेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारी दोन-अडीचला घाटाच्या पायथ्याशी असाल तर हा लाभ पुरेपूर मिळतो.

उदाहरणासाठी मी एकच रस्ता सविस्तर सांगतो: गुहागर ते पुणे, कुंभार्ली घाटातून. पुण्याची बहुतेक मंडळी ताम्हिणीने जातात आणि ताम्हिणीनेच परततात. ताम्हिणी सुंदर आहे, पण तो जाताना बघून झालेला असतो. परतीला चिपळूणहून कराडच्या दिशेने वळलात, तर अंतर थोडंसंच वाढतं. चिपळूण ते कराड साधारण शंभर किलोमीटर आहे, आणि गुहागर ते पुणे हा सगळा प्रवास पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरचा होतो. जेवण, चहा, थांबे धरून आठ-नऊ तास हाताशी ठेवा.

या रस्त्याची खरी गंमत अशी, की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाण्याची एकच गोष्ट सांगत जातो. गाडीत दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर निघण्यापूर्वी त्यांना ही गोष्ट थोडक्यात सांगून ठेवा. मग मोबाइलमधून डोकं वर काढायला वेगळं सांगावं लागत नाही.

गोष्ट सुरू होते दाभोळच्या खाडीपाशी. गुहागरच्या उत्तरेला धोपावे आहे, पलीकडच्या काठाला दाभोळ. मधलं पाणी वाशिष्ठीचं, ती इथे समुद्राला मिळते. सकाळी वेळ असेल तर धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत एक फेरी मारून या. नसेल तर सरळ चिपळूण गाठा. गुहागर ते चिपळूण सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, वळणांचा रस्ता, सव्वा ते दीड तास धरायचा. चिपळूण याच वाशिष्ठीच्या काठावर वसलेलं आहे. जुलै २०२१ मधल्या महापुरात हेच शहर बुडालं होतं.

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडचा रस्ता फुटतो. शिरगाव, अलोरे, पोफळी अशी गावं लागतात. अलोरे आणि पोफळी ही नावं कोयना प्रकल्पामुळे महाराष्ट्राला माहीत झाली. कोयना ही खरं तर पूर्वेकडे जाणारी नदी. पण धरणात अडवलेलं तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणलं, खाली सोडलं, आणि त्या पडण्याच्या जोरावर पोफळीला वीज तयार होऊ लागली. वापरून झालेलं ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा काही भाग दाभोळला अरबी समुद्रात जातो आणि उरलेला कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. कोयनेचे सगळे टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाशी खडक फोडून पाणी बोगद्यात घेतलं. त्याला ‘लेक टॅपिंग’ म्हणतात, आणि वर पाणी तसंच असताना खालून भोक पाडायचं हे काम मुलांना समजावून सांगण्याजोगं आहे.

पोफळीच्या पुढे घाट सुरू होतो. कुंभार्ली घाट आंबेनळी किंवा वरंध्याइतका अरुंद नाही. त्यावरून अवजड वाहतूक चालते, एसट्या चालतात, म्हणून कुटुंबाला घेऊन जायला तो मला बरा वाटतो. पण रस्त्याची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते. खड्डे असू शकतात, कुठे डागडुजी चालू असू शकते. ट्रकमागे अडकलात तर ओव्हरटेक करायची घाई करू नका. चार वळणं मागे राहिल्याने फार तर पाच मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात बाजूची दरी तरी बघून होते. अर्ध्या घाटानंतर मागे वळून पाहिलं की वाशिष्ठीचं खोरं खाली पसरलेलं दिसतं, आणि हवा स्वच्छ असेल तर टेकड्यांच्या रांगांमागून रांगा. पुढे बसलेल्यांपेक्षा मागच्या सीटवरच्यांना ते जास्त चांगलं दिसतं. आजी-आजोबांना खिडकीची जागा द्या.

थांबायचं असेल तर वळणावर कधीच थांबू नका, अगदी ‘एक फोटो’ म्हणूनसुद्धा नाही. रस्त्याच्या बाहेर पूर्ण गाडी मावेल एवढी रुंद, सपाट जागा असेल तिथेच थांबा. दरीच्या बाजूला उतरायचं दार मुलांना उघडू देऊ नका.

घाटमाथ्यावर आलात की हवा बदलते. खालचा दमटपणा जातो. एसी बंद करून काचा खाली घ्या. इथे हेळवाक नावाचं छोटं गाव आहे, आणि नकाशावर त्याचं स्थान फार महत्त्वाचं आहे. महाबळेश्वरहून निघालेली कोयना सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेकडे वळते. इथून कराडपर्यंत नदी आणि रस्ता एकमेकांच्या सोबतीने जातात.

हेळवाकच्या अगदी जवळ कोयनानगर. हा या प्रवासातला मुख्य थांबा ठेवा, निदान एक तासाचा. १०३ मीटर उंचीचं धरण, त्यामागे शिवसागर जलाशय. याच जलाशयाच्या वरच्या अंगाला बामणोली आणि तापोळा. धरणाच्या भिंतीवर सर्वसामान्यांना जाता येत नाही, पण इथल्या नेहरू उद्यानातून ते नीट दिसतं. बाग आहे, मुलांना पळायला जागा आहे, म्हाताऱ्या माणसांना बसायला बाक आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस नवजाच्या रस्त्यावरचा ओझर्डे धबधबाही बघण्यासारखा असतो. मात्र त्यासाठी वेगळे दीड-दोन तास लागतात आणि पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर तो बेत सोडा.

कोयनानगरला थांबलात तर मुलांना आणखी दोन गोष्टी सांगाव्यात असं मला मनापासून वाटतं. एक, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. साठीच्या पुढच्या महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांना ती पहाट आठवते, कदाचित तुमच्या गाडीतल्या आजोबांनाही. त्यांनाच सांगू द्या. दुसरी गोष्ट, या देखण्या निळ्या पाण्याखाली गावं आहेत. धरणासाठी ज्यांना उठावं लागलं त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशकं चालला. आपल्या घरातला दिवा ज्या पाण्यावर लागतो त्याची किंमत कुणी दिली, हे मुलांना कळायला याच्यासारखी जागा नाही.

पुढचा टप्पा कोयनानगर ते पाटण, वीसेक किलोमीटर. माझ्या मते या रस्त्यावरचा सगळ्यात सुरेख भाग हाच, आणि याची जाहिरात कुणीच करत नाही. दोन्हीकडे डोंगर, मधे निरुंद खोरं, खाली नदी, उतारावर भाताची खाचरं आणि कौलारू घरं. सप्टेंबर-ऑक्टोबरात भात पिवळा होत असतो आणि बांधावर सोनकी फुललेली असते. फेब्रुवारी-मार्चला आलात तर पळस, पांगारा आणि काटेसावर पाहायला मिळतात, तिन्ही बिनपानांचे आणि लालभडक. पाटणच्या आसपास डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या दिसू लागतात. वनकुसवड्याचं पठार या पवनचक्क्यांसाठीच ओळखलं जातं. एका दिवसात पाण्यावरची वीज आणि वाऱ्यावरची वीज दोन्ही बघून होतात.

पाटणला चहा घ्या. तरुण मंडळी असतील आणि दिवस मोठा असेल तर जवळचा दातेगड करता येतो. तिथे कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे. नसेल जमत तर पुढे चला. पाटणहून एक रस्ता कराडला जातो, दुसरा उंब्रजला. पुण्याला जाणाऱ्यांनी उंब्रजचा धरावा, म्हणजे कराडचं वळण वाचतं. या वाटेवर उंब्रजच्या अलीकडे चाफळचा फाटा आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेलं तिथलं राममंदिर शांत आणि प्रशस्त आहे. ज्यांना नदीची गोष्ट पुरी करायची आहे त्यांनी मात्र कराडलाच जावं. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. प्रीतिसंगम म्हणतात तो हा. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी घाटावर बसायला माणसं येतात, त्यांच्यात पंधरा मिनिटं बसा आणि मग पुण्याचा रस्ता धरा.

उंब्रज किंवा कराडनंतर पुणे-बंगळूरु महामार्ग. त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. खंबाटकीत वाहतुकीची रचना बदलत राहते, म्हणून सवयीने न जाता फलक बघून गाडी चालवा. रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग लागते, ती टाळायची तर रविवारी सकाळी सातलाच गुहागर सोडा आणि दुपारच्या उजेडाचा मोह सोडून द्या. एक दिवस जास्तीची रजा काढून सोमवारी परत आलात तर दोन्ही साधेल.

आता वेळेचं गणित. हिवाळ्यात सहाला अंधार पडू लागतो. घाट उजेडीच संपला पाहिजे, हा एकच नियम पक्का ठेवा. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा. सकाळी समुद्रावर जाऊन, आंघोळी उरकून अकराला निघालात, चिपळूणला एक ते दीड जेवलात, तर दोन-सव्वादोनला घाटाखाली असता. तीनपर्यंत कोयनानगर, साडेचारला पाटण, सव्वापाच-साडेपाचला महामार्ग. अंधारातलं जे काही ड्रायव्हिंग होईल ते रुंद, दुभाजक असलेल्या रस्त्यावर होईल. निघायला दीड वाजला, तर नवा रस्ता विसरा आणि नेहमीच्या ओळखीच्या रस्त्याने घरी या. उशिरा निघून अनोळखी घाटात अंधार गाठणं कुठल्याही देखाव्यासाठी परवडत नाही.

घाटाआधीच्या जेवणाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. शेवटच्या दिवशी सुरमई थाळी हवीच असा सगळ्यांचा आग्रह असतो. ती आदल्या रात्री खा. घाट चढण्यापूर्वी तेलकट, तिखट आणि पोटभर जेवण झालं की निम्म्या गाडीला मळमळू लागतं. दहीभात, वरणभात, भाकरी-भाजी असं हलकं जेवा. उपाशी पोटीही नेऊ नका, तेव्हाही त्रास होतोच. गाडी लागते ती डोळे आणि कान यांचं एकमत होत नाही म्हणून. कानातला तोल सांभाळणारा अवयव ‘आपण वळतोय’ म्हणतो, आणि मोबाइल किंवा पुस्तकात बघणारे डोळे ‘आपण स्थिर आहोत’ म्हणतात. म्हणून घाटात मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या आणि त्यांना समोरच्या रस्त्याकडे, लांबच्या डोंगराकडे बघायला लावा. आलेपाक, लिंबू जवळ असू द्या. गोळी द्यायची असेल तर मुलांसाठीचं प्रमाण डॉक्टरांना आधीच विचारून घ्या आणि घाट सुरू होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. गोळीने झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. आणि प्लास्टिकच्या दोन-चार मजबूत पिशव्या डिकीत नव्हे, मागच्या सीटच्या खिशात ठेवा.

चालवणाऱ्यासाठी काही गोष्टी. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्या गाडीने वाट द्यायची असते, कायदाही तेच सांगतो. तुमचा हक्क असला तरी समोरचा मानतोच असं नाही, तेव्हा थांबण्याची तयारी ठेवा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपली बाजू सोडू नका. चढावर गाडी धापा टाकेपर्यंत वरच्या गिअरमध्ये रेटू नका, वेळेवर दुसरा गिअर घ्या. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, तरी कमी झाला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. धुकं लागलं तर हेडलाइट खाली ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवरच येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जायची जी पद्धत पडली आहे ती चुकीची आहे. त्याने तुम्ही वळणार आहात की थांबला आहात हे मागच्याला कळत नाही. धुकं फारच दाट झालं तर एखाद्या टपरीपाशी थांबून चहा प्या, ते सरकायला पुष्कळदा अर्धा तास पुरतो.

पेट्रोल चिपळूणलाच भरा. चढावर ते जास्त लागतं. सीएनजीची गाडी असेल तर घाटात पेट्रोलवर घ्या, जोर मिळतो. विजेवरची गाडी असेल तर चिपळूण सोडताना बॅटरीत भरपूर चार्ज हवा. घाटमाथ्यावर पोचल्यावर तुम्ही देशाच्या पठारावर असता, तेवढाच उतार पुढे मिळणार नाही आणि खर्च झालेली वीज परत भरून येणार नाही. स्टेपनीतली हवा घरून निघतानाच तपासलेली असावी. टायर बदलण्याचा जॅक आणि पाना नवीन सामानाच्या ढिगाखाली गाडला जाऊ देऊ नका.

कारण परतीला सामान वाढतं. हा प्रत्येक कोकणच्या सहलीचा अनुभव आहे. आंब्याच्या पेट्या, कोकमं, फणसपोळ्या, काजू, सुकी मासळी. आंब्याची पेटी बंद डिकीत उन्हात उभी राहिली तर फळ तापून खराब होतं, म्हणून जेवायला थांबताना गाडी सावलीत लावा. पिकलेला फणस आणि सुकी मासळी बंद गाडीत आणताना वास कोंडतो आणि त्यानेही घाटात मळमळतं. मासळी कागदात, मग प्लास्टिकमध्ये, मग झाकणाच्या डब्यात. फणस कच्चा घ्या किंवा गरे वेगळे करून डब्यात भरून घ्या. मागच्या काचेपर्यंत सामान रचू नका, घाटात मागचं दिसणं गरजेचं असतं. सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचा. सनरूफमधून मुलांना उभं करण्याचा प्रकार हल्ली घाटांत सर्रास दिसतो. एका जोरदार ब्रेकचा प्रश्न असतो, तो लाड कृपा करून करू नका.

रस्ता चालू आहे का, हे कसं कळावं? जून ते सप्टेंबरात घाटात दरड कोसळून वाहतूक बंद होऊ शकते. वरंधा घाट तर अनेक पावसाळ्यांत जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने बंद ठेवला गेला आहे. मोबाइलवरचा नकाशा नेहमीच खात्रीचा नसतो. माझी कसोटी जुनी आहे: एसटी. आदल्या संध्याकाळी चिपळूणच्या एसटी स्थानकावर चौकशी करा की कराडच्या गाड्या कुंभार्लीतून जात आहेत का. जात असतील तर रस्ता चालू आहे. जिथे मुक्काम केलात त्या घरच्या काकांना विचारा. त्यांच्या गावची दुधाची, भाजीची गाडी त्याच वाटेने वर-खाली करते, त्यांना आजची बातमी माहीत असते. आणखी एक, नकाशाला नुसतं ‘घर’ सांगितलं की तो सर्वांत जलद रस्ता देतो, किंवा दोन मिनिटं वाचवायला एखाद्या पाणंदीत घालतो. म्हणून आधी कोयनानगर हे ठिकाण टाका, मग पाटण, मग उंब्रज. घाटात मधेमधे रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. टपऱ्यांसाठी थोडी रोख रक्कमही लागतेच.

तुम्ही वेगळ्या गावचे असाल तर घाट वेगळा, पद्धत हीच. रत्नागिरी-गणपतीपुळ्याहून कोल्हापूरला परतणाऱ्यांना आंबा घाट आहे. वर विशाळगड आणि पावनखिंडीचा परिसर. मालवण-कणकवलीहून फोंडा घाटाने आलात तर दाजीपूरचं गव्यांचं जंगल आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ मध्ये काम सुरू केलेलं राधानगरी धरण वाटेत येतं. तिथे स्वयंचलित दरवाजांनी पाणी सुटताना बघायला मिळालं तर नशीब. वैभववाडीहून गगनबावड्याला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट चढतात. सावंतवाडीकडून आंबोली, तो पावसाचा राजा, पण पावसाळ्यातले शनिवार-रविवार तिथे टाळाच. महाडहून भोरला वरंधा, पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी. हे दोन्ही अरुंद आहेत आणि नव्या चालवणाऱ्याने कुटुंब घेऊन तिथे पहिला सराव करू नये.

मुंबईकरांना सह्याद्री चढायचा नसतो. त्यांच्यासाठी किनाऱ्याचा रस्ता आहे आणि त्याची मजा जंगलजेटीत आहे. गाडीसकट खाडी ओलांडून नेणाऱ्या या फेरीबोटींनी कोकणातली अंतरं बदलून टाकली. दापोली-हर्णैकडून निघून आंजर्ले, केळशी करत वेसवीला या. तिथे बोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे बागमांडला, म्हणजे रायगड जिल्हा. मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन. श्रीवर्धनहून आरावी, शेखाडीवरून दिवेआगरला जाणारा रस्ता जवळजवळ समुद्राला लागूनच जातो. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे डोंगर, मधे अरुंद डांबरी पट्टा. महाराष्ट्रात गाडीतून बसल्या बसल्या एवढा जवळचा समुद्र फार थोड्या ठिकाणी दिसतो. दिवेआगरहून म्हसळा-माणगाव करत महामार्गाला लागता येतं, किंवा दिघीहून आगरदांड्याला दुसरी जंगलजेटी घेऊन मुरूड, काशीद, रेवदंडा, अलिबाग असं पुढे जाता येतं. अलिबागजवळच्या मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत गाडी नेणारी रो-रो बोटही २०२० पासून सुरू आहे. तिचं तिकीट आधी काढा आणि हवा खराब असेल तर फेऱ्या आहेत का ते विचारून घ्या.

पण एका दिवसात हे सगळं करू नका. चालवणाऱ्याचे हाल होतात आणि शेवटी कुणी खिडकीबाहेर बघतही नाही. दापोली ते दिवेआगर हा एकच तुकडा परतीला घ्या, उरलेलं पुढच्या वेळी. जंगलजेटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारा. सुट्टीच्या दिवसांत रांगेत तास जाऊ शकतो. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार जास्त असतो, खालून गाडी घासणार नाही एवढ्या बेताने चढवा. कधी गाडी उलटी चढवावी लागते, बोटीवरचा माणूस हाताने सांगेल तसं आणि तेवढंच स्टिअरिंग फिरवा. गाडी लागली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, आणि लहान मुलांचा हात सोडू नका. या खाड्यांवर पूल बांधायच्या योजना आहेत. ते झाले की प्रवास झटपट होईल, गावांची सोय होईल, ते व्हायलाच हवेत. मुलांना बोटीतून गाडी न्यायची असेल तर त्याआधी न्या.

पुन्हा कुंभार्लीच्या रस्त्याकडे वळू. घाटमाथ्यावर माकडं जवळ येतात. त्यांना बिस्किटं, वेफर्स काहीही घालू नका, काचा वर ठेवा. खायला मिळतं म्हणून ती रस्त्यावर बसतात आणि गाड्यांखाली येतात. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि २०१२ मध्ये ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्या जंगलाच्या कडेने तुमचा रस्ता जातो. आपला कचरा पिशवीत भरून घरी आणा, पाण्याच्या बाटल्यासुद्धा.

तेव्हा या हिवाळ्यात कोकणात जाल तेव्हा परतीचा बेत निघण्यापूर्वीच कागदावर लिहा: किती वाजता निघायचं, जेवण कुठे, घाट किती वाजता संपवायचा. आणि चिपळूणला पोचलात की नेहमीच्या रस्त्याला न लागता बहादूरशेख नाक्यावरून कराडचा रस्ता धरा.